जोडधंद्याचा मालक कोण?

(कुटुंब मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी आपणांपुढे एखाद्या मोठ्या तत्त्वाचा ऊहापोह करण्यासाठी उभा नाही. मला बोलावयाचे आहे ते एका शिवणयंत्राविषयी, एका वहीविषयी आणि एका सहीविषयी. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी नोकरीचा एक पगार येतो आणि त्या पगाराला हातभार म्हणून दुसरे काहीतरी चालते. कोठे शिवणकाम चालते, कोठे मसाले व चटण्या होतात, कोठे खुर्च्या व भांडी भाड्याने दिली जातात, तर कोठे संध्याकाळी शिकवणीचा वर्ग भरतो. यालाच आपण जोडधंदा म्हणतो. धंदा लहान आहे, घरचाच आहे, मग त्याला हिशेब कशाला आणि कागद कशाला, असे आपण म्हणतो. माझे मत याच्या अगदी उलट आहे. मोठ्या धंद्याला तोटा सोसण्याची ताकद असते. लहान धंद्यातील एक बुडालेला व्यवहार मुलीच्या कॉलेजची फी घेऊन जातो. म्हणून कागदाची गरज लहानालाच अधिक आहे.

जोडधंदा सुरू करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने तीन प्रश्नांची उत्तरे एका कोऱ्या पानावर लिहून काढावीत. यात घातलेला पैसा कोणाचा? या धंद्याचा मालक कोण? आणि उद्या तोटा आला तर तो भरावयाचा कोणी? ही तीन उत्तरे ज्या घरात स्पष्ट नाहीत, त्या घरात धंदा चालला तरी भांडण होते आणि बुडाला तरी भांडण होते.

आपण एक घर डोळ्यांपुढे आणू. पती राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक आहे. पत्नी घरी शाळेचे गणवेश शिवते. कापड दुकानदार देतो, शिलाई ती घेते. मदतीला एक बाई रोज अर्धा दिवस येते. समजा, एका महिन्यात १२० गणवेश शिवून झाले आणि प्रत्येकी २०० रुपये शिलाई ठरली होती, तर २४,००० रुपये झाले. घरात आनंद होतो की महिन्याला चोवीस हजार मिळू लागले. पण हा आनंद अर्धवट हिशेबाचा आहे. दोरा, गुंड्या आणि कॅनव्हास यांना गणवेशामागे २५ रुपये धरले, तर ३,००० गेले. मदतनीस बाईला २५ अर्ध्या दिवसांचे २६० रुपयांप्रमाणे ६,५०० द्यावयाचे. विजेचे ७०० आणि जाण्यायेण्याचे ९००. यंत्र २४,००० रुपयांचे आहे आणि ते पाच वर्षे चालेल असे धरले, तर दरमहा ४०० रुपयांची त्याची झीज होते. हा खर्च खिशातून जाताना दिसत नाही, म्हणून तो कोणी लिहीत नाही. आणि पाच वर्षांनी यंत्र मोडते तेव्हा नवे घेण्यास पैसा नसतो. एकूण खर्च झाला ११,५०० रुपये. उरले १२,५००.

येथेही हिशेब संपत नाही. या बाईने स्वतः २५ दिवस यंत्रावर पाठ मोडली, त्या कष्टाची किंमत कोठे आहे? तिच्या अर्ध्या दिवसाचे ३०० रुपये धरले, तर ७,५०० ही तिची मजुरी झाली. खरा नफा राहिला ५,००० रुपये. ज्या हिशेबात घरच्या बाईची मजुरी शून्य धरलेली असते, तो हिशेब खोटा असतो. अशा हिशेबावर विसंबून आपण शिलाईचा दर उतरवितो, दुकानदाराला खूश करतो, आणि आपण तोट्यात काम करीत आहोत हे आपणांस वर्षानुवर्षे कळत नाही.

आता या पाच हजारांचे काय करावयाचे? भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश आपल्या परिचयाचा आहे. मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगास, दोन व्यवसायात आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवावा, असा त्याचा आशय आहे. हे नियोजन या शिवणयंत्राला जसेच्या तसे लागू पडते. मजुरीचे ७,५०० घरखर्चास न्यावेत. नफ्याच्या ५,००० पैकी १,२५० घरात यावेत, २,५०० धंद्यात राहावेत आणि १,२५० बाजूला पडावेत. शाळेचा हंगाम संपला की गणवेशाचे काम चार महिने मंदावते. त्या चार महिन्यांचे पोट याच चौथ्या भागावर भरते. तो नसेल तर सावकाराची पायरी चढावी लागते.

परंतु हे भाग करावयाचे तर धंद्याचा पैसा प्रथम वेगळा दिसला पाहिजे. भाजीच्या पिशवीत शिलाईचे पैसे आणि शिलाईच्या डब्यात पगाराचे पैसे असा प्रकार असेल, तर कोणताही विद्वान हिशेबनीस त्या घराचे भले करू शकणार नाही. धंद्याच्या नावाने बँकेत चालू खाते उघडावे. त्यासाठी बँक बहुधा धंद्याच्या अस्तित्वाचे दोन पुरावे मागते. ते कोणते, हे मी पुढे सांगतो. किमान शिल्लक किती ठेवावी लागेल, हे आधी विचारून घ्यावे. येणारा प्रत्येक रुपया त्या खात्यात यावा आणि धंद्याचा प्रत्येक खर्च तेथूनच जावा. घराला पैसे लागले तर ते अवश्य काढावेत, पण वहीत ‘घरासाठी उचल’ असे लिहून काढावेत. रोज रात्री दहा मिनिटे वहीला द्यावीत. तारीख, कोणाकडून आले, कोणाला गेले, किती, आणि कोणाकडे किती येणे राहिले, एवढे पाच रकाने पुरतात.

आता दुसरा प्रश्न. मालक कोण? या घरात शिवते पत्नी, ग्राहकांशी बोलते पत्नी. मग खाते पतीच्या नावे, नोंदणी दिराच्या नावे आणि सही सासऱ्यांची, असे का व्हावे? जिचे कष्ट तिचेच नाव मालक म्हणून कागदावर आले पाहिजे. आणि नाव आले म्हणजे सहीचा अधिकारही आला पाहिजे. तिने को‍ऱ्या धनादेशावर सह्या करून पुस्तक पतीच्या स्वाधीन करावे, ही मालकी नव्हे. कर्ज थकले तर बँकेची नोटीस मात्र तिच्याच नावे येते, हे ध्यानात ठेवा.

शासकीय नोकरीतील बंधूंना येथे एक स्पष्ट इशारा देतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीवाचून स्वतः व्यापारधंदा करता येत नाही. त्याच्या कुटुंबातील व्यक्ती धंदा करीत असेल, तर ती गोष्ट त्याने शासनाला कळवावयाची असते. म्हणून पत्नीचा धंदा लपवू नका. कार्यालयाला लेखी कळवा आणि पोचपावती जपून ठेवा. मात्र पत्नीच्या नावाआड धंदा प्रत्यक्षात आपणच चालवीत असाल, तर तो नियमाचा भंग आहे, आणि त्यात नोकरी पणाला लागते. खाजगी नोकरीत असणाऱ्यांनी आपल्या नेमणूकपत्रातील अटी वाचाव्यात. दुसरा व्यवसाय करण्यास त्यात पुष्कळदा मनाई असते.

आयकराचीही एक बाजू आहे. पतीने पत्नीला धंद्यासाठी भांडवल भेट म्हणून दिले, तर त्या भांडवलाच्या प्रमाणात होणारे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात धरले जाते. म्हणून घरातल्या घरात दिलेला पैसाही भेट आहे की कर्ज आहे, हे लिहून ठेवावे. आणि कर्ज असेल तर ते खरोखरच व्याजासह फेडावे.

तिसरा प्रश्न होता, तोटा कोणी भरावयाचा? याचे उत्तर धंद्याच्या कायदेशीर स्वरूपावर अवलंबून असते. पहिले स्वरूप एकल मालकीचे. यात कायद्याच्या दृष्टीने मालक आणि धंदा हे दोन नाहीत, एकच आहेत. उभारणी सोपी, खर्च नाममात्र. पण धंद्याचे देणे ते मालकाचे देणे. धनको मालकाच्या इतर मालमत्तेपर्यंत पोहोचू शकतो. दुसरे स्वरूप भागीदारीचे. त्याला १९३२ चा भागीदारी कायदा लागू होतो. तिसरे स्वरूप मर्यादित दायित्वाचे. २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारी, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्याखालील कंपनी, जी एका व्यक्तीलाही काढता येते. येथे धंदा ही कायद्याने वेगळी व्यक्ती होते आणि मालकाची जबाबदारी त्याने घातलेल्या भांडवलापुरती राहते. पण त्यासाठी दरवर्षी विवरणपत्रे भरावी लागतात. एक रुपयाची विक्री झाली नाही तरी ती भरावीच लागतात, आणि उशीर झाला की दंड चढत जातो. शिवाय बँक कर्ज देताना संचालकाची वैयक्तिक हमी बहुधा मागतेच, म्हणजे त्या कर्जापुरती ती ढाल गळून पडते.

तेव्हा माझा सल्ला असा. एकाचे कष्ट आणि एकाचा पैसा असेल, तर एकल मालकीने आरंभ करा. दोघांचा पैसा आला, तर त्याच दिवशी भागीदारीचा करार करा. आणि एका चुकीने घर जाईल एवढी जोखीम धंद्यात आली, म्हणजे मोठी कंत्राटे, मोठी उधारी, पुष्कळ कामगार, तर मर्यादित दायित्वाकडे वळा. प्रतिष्ठेसाठी कंपनी काढू नका.

भागीदारीविषयी मी अनुभवाने बोलतो. तरुणपणी मी आणि माझा एक जिवलग मित्र, आम्ही खुर्च्या व भांडी भाड्याने देण्याचा धंदा काढला. भांडवल माझे जास्त, मेहनत त्याची जास्त. करार तोंडी. मैत्रीत कागद कसला, असे आम्हांस वाटले. दोन वर्षांनी नफा वाटण्याची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, भांडवलाच्या प्रमाणात. तो म्हणाला, मेहनतीच्या प्रमाणात. पुढे मी कायदा वाचला, तेव्हा कळले की आम्ही दोघेही चुकत होतो. करार नसेल तर नफा आणि तोटा समान वाटावा, असे कायदा सांगतो. आणखी असे कळले की, भागीदारी संस्था निबंधकाकडे नोंदलेली नसल्याने कराराच्या हक्कासाठी मला त्याच्यावर दावा लावता येत नव्हता आणि पैसे थकविणाऱ्या ग्राहकावर संस्थेच्या नावे दावा लावणेही शक्य नव्हते. खुर्च्या गेल्या, त्याचे दुःख आता उरलेले नाही. मित्र गेला, ते दुःख अजून आहे. चार पानांचा करार त्या दिवशी केला असता, तर तो आज या सभेत बसलेला असता.

त्या चार पानांत काय असावे? कोणी किती पैसे घातले, नफा-तोटा कोणत्या प्रमाणात, काम कोणी काय करावयाचे, त्याबद्दल पगार किती, बँकेत सही कोणाची, कोणती रक्कम दोघांच्या संमतीवाचून खर्च करता येणार नाही, आणि कोणी बाहेर पडला किंवा मरण पावला तर हिशेब कसा व्हावा. एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. भागीदाराने धंद्यासाठी केलेल्या देण्याची पूर्ण जबाबदारी प्रत्येक भागीदारावर येऊ शकते, केवळ त्याच्या हिश्शापुरती नव्हे.

आता मी अशा विषयाकडे येतो, ज्याचा आपल्या हक्कांशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा केंद्रीय पातळीवर मिळाला. धंद्याच्या क्षेत्रातही त्याचा उपयोग आहे. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी आदेशाप्रमाणे, आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, केंद्राच्या खात्यांनी व उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. त्यांत ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांसाठी आहेत. पण उद्योग आपला आहे, हे कशावरून ठरते? एकल मालकीत मालक अनुसूचित जातीचा असावा लागतो. भागीदारीत वा खाजगी कंपनीत किमान ५१ टक्के हिस्सा अशा व्यक्तींचा असावा लागतो. भागीदार घेताना ही टक्केवारी डोळ्यांपुढे ठेवा.

या सवलतीच्या पाठोपाठ एक सापळाही येतो. एखादा पैसेवाला कंत्राटदार आपल्या दारी येतो आणि म्हणतो, “तुम्ही फक्त सही करा. नोंदणी तुमच्या नावे, दाखला तुमचा. काम मी करतो. महिन्याला तुम्हांला घरबसल्या पैसे.” ही सही करू नका. कागदावर मालक तुम्ही आहात, म्हणून कर थकला तर तुमचा, कामगारांची मजुरी थकली तर तुमची, कर्ज बुडाले तर तुमचे, आणि खोटेपणा उघडकीस आला तर आरोपीही तुम्हीच. फायदा त्याचा आणि गुन्हा तुमचा. शिवाय जो हक्क समाजाला मिळाला, तो आपण महिन्याच्या भाड्याने दुसऱ्याला दिला, असा त्याचा अर्थ होतो. पत्नीच्या नावामागे पतीने लपणे आणि आपल्या नावामागे कंत्राटदाराने लपणे, या दोहोंचे मूळ एकच आहे. जो खरा मालक तोच कागदावरचा मालक असावा, हा नियम दोन्ही ठिकाणी सारखाच पाळा.

आता कागद कोणते करावयाचे ते थोडक्यात सांगतो. पहिला, उद्यम नोंदणी. ती २०२० पासून सुरू आहे, पॅन व आधार क्रमांकावर होते आणि तिला शुल्क नाही. ती करून देण्यासाठी कोणी सरकारी फीच्या नावाने हजारो रुपये मागत असेल, तर तो आपणांस फसवीत आहे. दुसरा, महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खालील कागद. कामगार थोडे असतील तर नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते. तिची पावती जपावी. बँकेत चालू खाते उघडताना बहुधा हेच दोन कागद उपयोगी पडतात. तिसरा, मसाले, लोणची, डबे असा खाण्याचा धंदा असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी. घरच्या स्वयंपाकघरातून विक्री केली तरी ती लागते. वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वांना लागत नाही. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे वस्तूंच्या विक्रीसाठी वार्षिक ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपये उलाढालीपर्यंत ती आवश्यक नाही. दुसऱ्याचे कापड शिवून देणे ही सेवा, स्वतःच्या कापडाचा गणवेश विकणे ही वस्तूची विक्री, हा भेद ध्यानात ठेवा. परराज्यात वस्तू विकावयाची असेल, तर मात्र आधी जाणकाराला विचारा. एकल मालकीचे उत्पन्न मालकाच्या स्वतःच्या आयकर विवरणपत्रात दाखवावयाचे असते. विवरणपत्र दरवर्षी भरा. उद्या कर्ज मागावयास गेलात, तर बँक तुमच्या शब्दापेक्षा त्या विवरणपत्रावर विश्वास ठेवील.

उद्यम नोंदणीचा सर्वांत मोठा लाभ पुष्कळांना ठाऊकच नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने, माल बनविणाऱ्या वा सेवा देणाऱ्या नोंदलेल्या लहान उद्योगाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या तारखेस द्यावयाचे असतात, आणि लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि वसुलीसाठी सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. आपली शिवणकाम करणारी भगिनी दुकानदाराच्या पायऱ्या झिजविते, “पुढच्या आठवड्यात या” हे उत्तर घेऊन परत येते. तिला याचना करण्याचे कारण नाही. कायदा तिच्या बाजूचा आहे. पण त्यासाठी नोंदणी काम घेण्याआधी झालेली असावी. दर, नग व तारीख लिहिलेली मागणीची चिठ्ठी असावी, आणि माल पोचल्याची सही असावी. सही नसेल तर हक्क असूनही तो सिद्ध करता येत नाही.

कर्जाबद्दल एवढेच सांगतो की, ते यंत्रासाठी घ्या, समारंभासाठी घेऊ नका. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि त्याला तारण द्यावे लागत नाही. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. त्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन योजना विचारा. पण तारण नाही म्हणजे परतफेड नाही, असे नव्हे. मंदीच्या महिन्यातही हप्ता भरता येईल एवढेच कर्ज घ्यावे.

शेवटी एक अप्रिय गोष्ट. एकल मालक मरण पावला की त्याचा धंदा कायद्याने तेथेच थांबतो. खाते, येणे, यंत्र हे सर्व वारसांचे होते. करारात वेगळे लिहिलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारीही संपते. मृत्युपत्र नसेल तर बौद्धांनाही १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होतो, आणि त्यात विधवा, मुलगे, मुली व आई या साऱ्यांना हक्क आहे. खात्यावर नामनिर्देशन अवश्य करा. पण ज्याचे नाव लावले तो पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही करून मृत्युपत्र करून ठेवा. आणि वही कोठे आहे, कोणाकडे किती येणे आहे, हे घरातील आणखी एका माणसाला ठाऊक असू द्या.

भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या आजोबा-पणजोबांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केले, पण त्या कामाचा दर दुसऱ्याने ठरविला, हिशेब दुसऱ्याने ठेवला आणि अंगठा मात्र त्यांनी उठविला. आज आपल्या हातात लेखणी आहे. ती असूनही आपण न वाचता सही करू, तर अंगठ्यात आणि सहीत फरक काय राहिला? आज घरी गेल्यावर एक कोरे पान घ्या, घरातील सर्व माणसे एकत्र बसा आणि त्या तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. जी शिवते, तिला त्या बैठकीत प्रथम बोलू द्या.

इतके सांगून मी आपली रजा घेतो.